अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे कोच पोरांना टीममध्ये टिकवतात कसे?

ओहायोकर: अमेरिकेत सहा वर्षं झाली, आता शनिवारची मॅच चुकवत नाही. पण २०२१ पासून पोरांना एकदा टीम बदलली तरी वर्षभर न खेळता बसावं लागत नाही आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, मग शंभरेक पोरांतली मैदानात एका वेळी ११, बाकीची थांबतात कशाला?

शनिवारचा_प्रेक्षक: पैसा आहेच. जुलै २०२१ पासून जाहिरातींतून कमावतात, २०२५ पासून कॉलेजही थेट देऊ शकतं. पण क्लेम्सन युनिव्हर्सिटीचे कोच डाबो स्विनींनी बरीच वर्षं पोर्टलमधून, म्हणजे टीम बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, जवळपास कुणालाच घेतलं नाही, म्हणजे आपल्या पोराला कळायचं की माझ्या डोक्यावर बाहेरचा आणून बसवणार नाहीत. मला हे फार पटतं.

ट्यूटर_ताई: मी खेळाडूंना गणित शिकवायचे. एक पोरगा त्याच्या जागेसाठी तिसऱ्या नंबरचा, बॅग भरूनच बसलेला. त्याचे पोझिशन कोच, म्हणजे त्या जागेवरच्या पोरांना शिकवणारे, मेसमध्ये ताट घेऊन त्याच्यासमोर बसले, म्हणाले यंदा तुला ४ मॅच देतो, तेवढ्याने तुझ्या खेळायच्या मोजक्या वर्षांतलं एक खर्च होत नाही, आणि कुठे कमी पडतोस ते लॅपटॉपवर दाखवलं, मग तिथूनच त्याच्या आईला फोन. राहिला तो. खोटं सांगितलं की पोरं लगेच ओळखतात हो.

ओहायोकर: ४ मॅचचं माहीतच नव्हतं! पण ताई, कोचच मोठ्या पगारासाठी दुसरीकडे गेला तर?

ट्यूटर_ताई: मग पोरंही जातात, आणि त्यांचं काही चुकत नाही.