रेडिओलॉजीची जागा घ्यावी की सोडावी?

प्रश्न : आंतरवासी
नमस्कार. माझी आंतरवासिता संपत आली असून नीट-पीजीच्या क्रमांकावरून रेडिओलॉजीची जागा मिळेल असे दिसते. थोरल्या भावाचा मात्र ठाम विरोध आहे. नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आताच थांबवावे, कारण पाच वर्षांत डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणारी संगणकप्रणाली, त्यांच्यापेक्षा सरस ठरेल, असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते. ते विधान दादा मला जेवायला बसल्यावर ऐकवतो आणि 2024 मध्ये हिंटन यांना नोबेल मिळाल्यापासून तर अधिकच. ती मुदत उलटून गेली हे मलाही दिसते; पण मला पुढची तीस वर्षे हेच काम करायचे आहे. यातले यंत्राकडे, म्हणजे अशा प्रणालीकडे, नेमके काय जाईल आणि रिपोर्ट चुकला तर उत्तर कोणी द्यायचे?

उत्तर : जुनी फिल्म
मी बावीस वर्षे रिपोर्टिंग करतो आहे. एक प्रतिमा पाहायची आणि एक निदान सांगायचे, एवढेच आमचे काम असे हिंटन यांनी धरले होते. प्रत्यक्षात सीटीच्या मागणीपत्रावर नुसते ‘पोटदुखी’ लिहिलेले असते, जुनी फिल्म नातेवाइकांच्या पिशवीत दुमडून पडलेली असते आणि सर्जनला फोन करून काय शोधायचे आहे हे विचारल्याशिवाय तपासणी कोणत्या पद्धतीने करायची हेही ठरत नाही.

तरीही वाचनाचा काही भाग जाईल, हे मान्य करायला हवे. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) यंत्राच्या मदतीने वाचण्याची तुलना नेहमीच्या पद्धतीशी करणाऱ्या स्वीडनमधील ‘मासाई’ चाचणीत 80,033 स्त्रियांचा समावेश होता. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मॅमोग्राफी वाचण्याचे काम 44.3 टक्क्यांनी घटले आणि हजारात 5.1 ऐवजी 6.1 कर्करोग सापडले. मात्र हा आकडा उचलून आपल्याकडे आणता येत नाही. तिथे चाळणी तपासणीतील (लक्षणे नसतानाही केलेल्या तपासणीतील) प्रत्येक मॅमोग्राफी दोन रेडिओलॉजिस्ट वाचतात. यंत्राने कमी जोखमीच्या ठरवलेल्या मॅमोग्राफी एकानेच वाचल्या, म्हणून बचत झाली. जिथे मुळात एकच जण वाचतो, तिथे बचत कुठून होणार?

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 27 रेडिओलॉजिस्टना 50 मॅमोग्राफी वाचायला दिल्या आणि काहींसोबत यंत्राचे मत मुद्दाम चुकीचे दाखवले. यंत्र बरोबर असताना अनुभवी डॉक्टरांची अचूकता सुमारे 82 टक्के होती, ते चुकताच ती सुमारे 46 टक्क्यांवर आली. नवख्यांची तर 80 वरून 20 वर घसरली. म्हणून माझ्याकडच्या निवासी डॉक्टरांनी आधी स्वतःचे मत लिहायचे आणि मगच यंत्राची खूण उघडायची, असा दंडक आहे. तो त्यांना जाचक वाटतो, हेही सांगून ठेवतो.

उत्तर : तालुका वैद्यक
जुनी फिल्म यांचे म्हणणे शहरापुरते बरोबर आहे. आमच्याकडे यंत्राने कोणाची जागा घेतलेली नाही, कारण त्या जागेवर कोणी नव्हतेच. क्षयरोगाच्या चाळणीसाठी 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींचे छातीचे डिजिटल एक्स-रे माणसाऐवजी संगणकाने वाचले तरी चालतील, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच केली. आमचे पथक हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र घेऊन वाडीवर जाते, एक्स-रे काढताच क्षयरोगाची शक्यता सांगणारा संगणकाचा गुण दिसतो आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा तो जास्त असेल तर त्या व्यक्तीची थुंकी ट्रूनॅटसाठी, म्हणजे क्षयरोगाचे जंतू शोधणाऱ्या जनुकीय चाचणीसाठी, पाठवली जाते. ती मर्यादा कुठे ठेवायची, हा खरा वादाचा मुद्दा. खाली आणली तर ट्रूनॅटच्या चिप पुरत नाहीत. वर नेली तर रुग्ण हातचे सुटतात. शिवाय ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे, त्यांच्या फुप्फुसातील जुने व्रण पाहून यंत्र नाहक जास्त गुण देते. अशा माणसाला पुन्हा ‘संशयित’ म्हटले की वाडीत काय बोलले जाते, ते कोणत्याही गुणात मोजले जात नाही.

उत्तर : आज्ञावलीकार
मी या क्षेत्रातले सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक सावधगिरी सुचवतो. न्यूमोनिया ओळखण्यासाठी तयार केलेली एक प्रणाली 2018 मध्ये अमेरिकेतील वेगवेगळ्या रुग्णालयांच्या एक्स-रेंवर तपासली गेली. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे, हे ती जवळजवळ अचूक ओळखत होती. तंत्रज्ञ कोपऱ्यात ठेवतात त्या धातूच्या खुणेसारख्या गोष्टींतूनही तिला सुगावा लागत होता; एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण फार जास्त असल्याने रुग्णालय ओळखले की निम्मे उत्तर हाती येत असे. परक्या रुग्णालयात हा आधार तुटतो. तेव्हा विकत घेताना कंपनीच्या पत्रकावर न जाता, आपल्या यंत्रावर काढलेल्या आणि निदान आधीच पक्के झालेल्या काहीशे प्रतिमांवर ती चालवून पाहावी.

आंतरवासी
सर्वांचे आभार. सोनोग्राफीबद्दल कोणी बोलले नाही. आणि जबाबदारीचा प्रश्न राहिला.

उत्तर : जुनी फिल्म
सोनोग्राफीत गोष्ट निराळी आहे, कारण तिथे प्रतिमा आपोआप मिळत नाही. अंगावरून प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) फिरवणाऱ्या हाताने ती शोधावी लागते. परदेशात त्यावरही उपाय निघत आहेत. पडद्याकडे न पाहता पोटावरून ठरलेल्या रीतीने प्रोब फिरवायचा आणि गर्भाचे वय संगणकाने काढायचे, यावर झांबिया व अमेरिकेत झालेले संशोधन 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मात्र 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीच्या नोंदीचा एफ फॉर्म आणि पात्र डॉक्टरनेच तपासणी करण्याची अट यांमुळे आशाताईंच्या हाती प्रोब देणे तूर्त शक्य नाही. ज्या कारणाने तो कायदा झाला ते कारण संपलेले नसल्याने मला ती अट योग्यच वाटते.

जबाबदारीचे म्हणाल, तर केंद्र सरकारच्या 2020 च्या अधिसूचनेने निदानासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांत मोडते, म्हणजे निर्मात्यावर नियमन आहे. पण रिपोर्टखाली सही नोंदणीकृत डॉक्टरची असते आणि रुग्णाचे नातेवाईक तीच सही दाखवत दारात येतात. जागा मिळत असेल तर जरूर घ्या. दादांना एकदा रात्रपाळीला आमच्या विभागात घेऊन या. मागणीपत्रे त्यांनाच वाचायला देतो.