नको असलेले मेसेज कसे थांबवलेत? अनुभव लिहा

बाबांच्या अँजिओप्लास्टीला आता चार महिने झाले. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ते दुपारी झोपतच नाहीत. उशाशी फोन आणि थोड्या थोड्या वेळाने 'टिंग'. दर वेळी चष्मा शोधायचा, फोन डोळ्यांजवळ धरायचा, वाचायचं. "रक्ताच्या रिपोर्टचा असेल गं," म्हणायचे. एक दिवस मी मोजले. सकाळपासून रात्री झोपेपर्यंत २३ मेसेज, त्यात कामाचे दोन: पेन्शन जमा झाल्याचा आणि गॅस सिलिंडरच्या कोडचा. बाकी कर्ज, एनए प्लॉट, रमी, घडणावळीवर सूट, आणि 'तुमचे केवायसी आज बंद होईल'.

त्या रात्री त्यांचा फोन घेऊन बसले. मेसेजवर बोट दाबून धरायचं, वरच्या तीन टिंबांतून 'ब्लॉक', खाली 'रिपोर्ट स्पॅम'वर खूण. पंधरा-सोळा जणांना ब्लॉक केलं आणि निश्चिंत झोपले. सकाळी सातला त्याच सराफाचा मेसेज पुन्हा हजर! नीट पाहिलं तेव्हा कळलं. नावाची सहा अक्षरं तीच होती, पण आडव्या रेघेआधीची दोन अक्षरं वेगळी होती. त्यातलं पहिलं अक्षर मोबाइल कंपनीचं, दुसरं सर्कलचं, म्हणजे तिच्या विभागाचं. मेसेज दुसऱ्या कंपनीमार्फत आला की ती अक्षरं बदलतात आणि आपल्या फोनला तो नवाच माणूस वाटतो. फोनमधलं ब्लॉक तिथेच तोकडं पडतं.

मग मी १९०९ कडे वळले, म्हणजे जाहिराती बंद करून घ्यायच्या नंबराकडे. त्याचं पुढे लिहीनच, पण आधी तुमचे अनुभव हवेत. काय केलंत, कशाने फरक पडला, काय चुकलं? घरात वयस्कर माणसं असतील तर जरूर लिहा. कुठल्या दुकानाचं, बँकेचं, दवाखान्याचं नाव मात्र नको.

सांगली, निवृत्त शिक्षिका

मी १९०९ जुन्या काळापासून वापरते आहे. २०११ च्या सप्टेंबरात नको असलेल्या जाहिरातींचे नियम लागू झाले तेव्हा एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस पाठवता येतील असं ठरलं होतं. नोव्हेंबरात ते दोनशे झाले. आम्हा शिक्षकांमध्ये दिवाळीच्या शुभेच्छांवरून केवढी चर्चा झाली होती! मर्यादा घालायचं कारण हेच होतं, की जाहिरातवाले साध्या सिमवरून हजारो मेसेज सोडत.

१९०९ ला फोन केला तरी चालतं, किंवा 'स्टार्ट', मग एक जागा सोडून शून्य, असं इंग्रजीत लिहून त्याच नंबरला एसएमएस करायचा. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. सगळ्या नको असतील तर एकेक प्रकार निवडता येतो: बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन वगैरे. मी शिक्षण चालू ठेवलं आहे, नातवासाठी. लोकांना भीती वाटते की डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे हीच नोंदणी) केलं की ओटीपी यायचे थांबतील. थांबत नाहीत. बँकेचा व्यवहार, ओटीपी, रेल्वेचं तिकीट हे जाहिरातीत मोडतच नाही.

पणजी

वरच्या प्रतिसादाला जोडून. माझं सगळं बंद होतं, तरी एकाच कपड्यांच्या दुकानाचे मेसेज येत राहिले. तक्रार केली, तर उत्तर आलं की तुम्हीच संमती दिली आहे. आठवून पाहिलं. बिल करताना काउंटरवरच्या मुलीने "नंबर सांगा" म्हटलं आणि मी सांगितला. दिलेली संमती डीएनडीच्या वर चढते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. आता मी शांतपणे "नंबर देणार नाही" म्हणते. बिल निघतंच.

इचलकरंजी, साड्यांचं दुकान

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मेसेज पाठवणारा मीच आहे.

पूर्वी फार सोपं होतं. लग्नसराई आली की एका एजंटाला पैसे द्यायचे, नंबरांची यादी त्याचीच. कुणाचे नंबर, कुठून आणले, आम्ही कधी विचारलं नाही. ते चूक होतं. २०१८ च्या नियमांनंतर सगळं डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर गेलं. आता दुकानाची कागदपत्रं देऊन नोंदणी करावी लागते, आपलं हेडर म्हणजे ती सहा अक्षरं मंजूर करून घ्यावी लागतात, आणि मेसेजचा मजकूरसुद्धा आधी साचा म्हणून मंजूर व्हावा लागतो. साच्यात नाव, रक्कम, तारीख एवढ्याच जागा रिकाम्या ठेवता येतात. मेसेज निघताना कंपनीची यंत्रणा तो साच्याशी ताडून बघते, जुळला नाही तर तिथेच अडवते. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी कडक लागू झाली, तेव्हा अनेकांचे साचे नोंदलेलेच नव्हते. देशभर लोकांचे ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामक ट्रायने दुसऱ्याच दिवशी ती आठवडाभर मागे घेतली. त्या दिवशी माझ्या दुकानात कार्डाचे चार व्यवहार ओटीपीवाचून राहिले. काउंटरवर साड्यांच्या घड्या तशाच उघड्या पडलेल्या, गिऱ्हाईक फोनकडे बघत बसलेलं.

ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदवावी लागते. काम वाढलंय, पण मला हे पटतं. आता माझ्या यादीत फक्त ज्यांनी वहीत स्वतःच्या हाताने नंबर लिहिला तेच आहेत. यादी आधीच्या दहाव्या हिश्शाएवढी राहिली, आणि मेसेज वाचून दुकानात येणारी माणसं तेवढीच आहेत.

एक खूण सांगतो. २०२५ पासून हेडरच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. घरच्या म्हाताऱ्यांना एवढंच शिकवा: शेवटी पी दिसला तर उघडायची गरज नाही.

(हे मला अजिबात माहीत नव्हतं. लगेच बाबांना दाखवलं. त्यांनी डायरीत चार अक्षरं चार ओळींत लिहून घेतली. — धागाकर्ती)

नाशिकजवळचं एक गाव

आमच्या आजोबांना मेसेज आला: 'आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित होईल, मागील बिल अपडेट नाही, या अधिकाऱ्याशी संपर्क करा', आणि खाली दहा आकडी नंबर. मोटार बंद पडली तर द्राक्षाला पाणी कसं द्यायचं, या काळजीने त्यांनी फोन लावला. समोरचा गोड बोलत होता. लांबून आपला फोन चालवता येईल असं एक अ‍ॅप घ्यायला लावलं. माझी बहीण शाळेतून आली तेव्हा आजोबांच्या फोनवर बाण आपोआप सरकत होता. तिने फोनच बंद केला आणि सिम काढलं. बारा वर्षांची आहे ती. पैसे वाचले.

महावितरणचा खरा मेसेज 'एमएसईडीसीएल' या इंग्रजी हेडरनेच येतो, साध्या दहा आकडी नंबरावरून कधीच नाही. हे आम्हाला नंतर लाइनमनने सांगितलं. तो नंबर नुसता ब्लॉक करून सोडायला मन होईना, कारण उद्या तो शेजारच्या घरी मेसेज करणार. म्हणून सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर 'चक्षू'मध्ये तक्रार टाकली. पैसे गेले नसतील, नुसता प्रयत्न झाला असेल, तर तिथे कळवायचं. पैसे गेलेच तर एक मिनिटही न दवडता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. सकाळ होऊ द्यायची नाही.

मुंबई उपनगर

नाव-गाव लिहीत नाही. जाहिरातींपेक्षा वेगळी गोष्ट आहे, पण या धाग्यावर ती असावी असं वाटतं.

एक माणूस मला सहा महिने मेसेज करत होता. पहिले दोन आठवडे मी वाचून पुसून टाकत होते, कारण ते शब्द माझ्या फोनमध्ये असणंच मला नको होतं. मग ब्लॉक केलं. तो दुसऱ्या नंबरवरून आला, मग तिसऱ्या. शेवटी पोलीस ठाण्यात गेले तेव्हा तिथल्या महिला अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला: "मेसेज आहेत का?" सुरुवातीचे नव्हते. मीच पुसले होते.

म्हणून सांगते. आधी स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असा. तो विश्वासातल्या माणसाला पाठवा. मगच ब्लॉक करा. माझ्या अँड्रॉइडमध्ये ब्लॉक केलेल्याचे मेसेज 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' नावाच्या कप्प्यात साठत होते, आवाज न करता. नंतरचा सगळा पुरावा तिथूनच मिळाला. आयफोनवर तसं नाही. तिथे ब्लॉक केल्यावर आलेला मेसेज तुम्हाला दिसतच नाही. मैत्रिणीला हे उशिरा कळलं.

नको म्हटल्यावरही बाईच्या मागे लागणं, मेसेज करत राहणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, आधी भारतीय दंड संहितेत तेच ३५४ ड होतं. हे कलम माहीत असल्याचा उपयोग झाला. खुर्चीत ताठ बसून बोलता आलं.

(ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. — धागाकर्ती)

पुणे, आयटी

आयफोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी पाठवणाऱ्यांचा फिल्टर चालू केला की अनोळखी नंबरांचे मेसेज वेगळ्या यादीत जातात. पंधरा दिवस स्वर्ग होता. मग कळलं की मुलाखतीची वेळ बदलल्याचा मेसेज त्याच यादीत पडला होता. मी जुन्या वेळेला पोहोचलो, मुलाखत होऊन गेली होती. फिल्टर ठेवा, पण रोज रात्री एकदा ती यादी बघायची सवय लावा.

सातारा

छोटीशी भर. आईच्या बॅलन्समधून पैसे कापले जात होते. कुठल्याशा मेसेजला उत्तर देताना कॉलर ट्यून चालू झाली होती. १५५२२३ ला फोन केला की अशा सगळ्या सेवा बंद करता येतात. फोन फुकट आहे.

न्यू जर्सी

इथे पद्धत वेगळी. नको असलेला मेसेज ७७२६ ला पुढे पाठवायचा. कीपॅडवर ते आकडे म्हणजे 'स्पॅम' ही अक्षरं. खऱ्या दुकानाला 'स्टॉप' लिहून पाठवलं की मेसेज बंद होतात. निवडणुकीच्या वर्षात मात्र उमेदवारांचे मेसेज थांबता थांबत नाहीत, कारण इथल्या डू नॉट कॉल यादीतून राजकीय प्रचाराला सूट आहे.

अकोल्याला आईकडे आले तेव्हा मी सवयीने तिच्या फोनवरून एका लॉटरीवाल्याला 'स्टॉप' पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तसल्या मेसेजचा पूर. नंबर चालू आहे, समोर माणूस आहे, हे त्याला मीच कळवलं होतं. फसवणाऱ्याला उत्तर द्यायचंच नाही, 'नको' असंसुद्धा नाही.

धागाकर्ती

१९०९ चं राहिलं होतं. बाबांच्या नंबरवरून नोंदणी केली. आता दिवसाला सहा-सात मेसेज येतात. तरीही जे जाहिरातवाले घुसतात त्यांची तक्रार करते. मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमध्ये सोय आहे. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने सात दिवस मिळतात. साध्या नंबरावरून आलेल्या जाहिरातीवर कंपनीने पाच दिवसांत पावलं उचलायची आहेत, आधी तीस दिवस होते. ही तक्रार डीएनडी नोंदवलेलं नसलं तरी करता येते.

एक चूक माझ्या हातूनही झाली. ब्लॉक करण्याच्या भरात पॅथॉलॉजी लॅबचं हेडरही ब्लॉक झालं होतं. बाबा तीन दिवस रिपोर्टची वाट पाहत राहिले आणि मला म्हणाले नाहीत, कारण मुलीने एवढ्या रात्री बसून फोन साफ केलाय. चौथ्या दिवशी मी तो कप्पा उघडला. रिपोर्ट पहिल्याच संध्याकाळी आला होता. आता ब्लॉक करण्याआधी प्रत्येक नाव मोठ्याने वाचून दाखवते, आणि ते "हं" म्हणाले की मगच बोट ठेवते.

सोलापूर

बाबांना दोन सिम आहेत. १९०९ एकदाच करायचं की दोन्हीकडून?

सांगली, निवृत्त शिक्षिका

दोन्हीकडून, वेगवेगळं. मेसेज पाठवताना खाली सिम कोणतं निवडलंय ते बघा, बरेचदा तिथेच गफलत होते.