मदत हवी आहे: थिअरी ग्रेड ६ ची मेलडी लिहायला बसते आणि यमन होतो

चौथी_तार:
नमस्कार मंडळी. एबीआरएसएम (संगीताच्या परीक्षा घेणारी ब्रिटिश संस्था) च्या ग्रेड ६ थिअरीची तयारी चालू आहे. व्हायोलिन वेस्टर्न पद्धतीने शिकते, पण त्याआधी बरीच वर्षं शास्त्रीय गायन झालंय आणि तिथेच घोडं पेंड खातंय. ग्रेड ५ ऑनलाइन होती, बहुतेक प्रश्नांना पर्याय होते, निभावून नेलं. इथे मात्र सुरुवातीचे एक-दोन बार (म्हणजे दोन उभ्या रेघांमधले भाग) छापून देतात, वाद्य सांगतात आणि पुढची मेलडी आपण पूर्ण करायची, निदान आठ बार. तीही काही न वाजवता, नुसती कागदावर.

सरांनी दिलेला सरावाचा प्रश्न असा: व्हायोलिन, जी मेजर, ३/४, मध्ये डॉमिनंटला मॉड्युलेट करून (पाचव्या स्वराच्या कीत जाऊन, इथे डी मेजर) मूळ कीत परत यायचं. इथे टाकायला सोपं म्हणून सरगममध्ये देते. जी म्हणजे सा, प्रत्येक स्वर एक क्रोचेट (एक ठोका), '–' म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा, तीव्र मध्यम 'मा' असा लिहिलाय.

दिलेलं: सा ग प | ध – प |
माझं: म ग रे | ग – – | प मा प | ध प म | ग – रे | सा – – ||

सरांचा शेरा: "मॉड्युलेशन कुठे आहे?" अहो, पाचव्या बारात सी शार्प (तोच 'मा') दिसतोय की! शिवाय "तुकडे गोड आहेत, पण चाल कुठे निघालीय ते कळत नाही." दुसऱ्या एका जी मायनरच्या मेलडीत कोमल ध वरून शुद्ध नि वर गेले होते, त्याभोवती लाल गोल. किरवाणीत हे रोज गाते मी, इथे काय बिघडलं? सरांना विचारलं तर "लिहीत राहा, जमेल" म्हणतात. कोणी नीट समजावून सांगेल का?

बिनधास्त_बंड्या:
आठ बार, अमुक वाद्य, मध्ये की बदला. ही चाल आहे की टेंडर? चाल सुचावी लागते ताई.

चौथी_तार:
बंड्या, सुचली तर आनंदच आहे. परीक्षेची फी भरून झालीय.

तंबोरा_बंद:
ताई, मीही गाण्याकडूनच इकडे आलो, तेव्हा आपल्या भाषेत सांगतो. तुमचा तीव्र मध्यम दोन पंचमांच्या मध्ये आलाय. प मा प. आपला कान त्याला यमन किंवा बिहागाचा मध्यम म्हणतो, सा जागचा हलत नाही. मॉड्युलेशनमध्ये सा च हलवायचा असतो. पंचम हा नवा सा आणि तीव्र मध्यम हा त्याचा शुद्ध निषाद. म्हणजे मूर्च्छनेचाच (त्याच स्वरांत दुसरा सा धरण्याचा) विचार, फक्त दोन बारांपुरता, आणि नंतर घरी परत.

एकटा 'मा' हे काम करू शकत नाही. डी मेजरचा डॉमिनंट कॉर्ड ए–सी शार्प–ई, म्हणजे आपले रे–मा–ध. हे तिन्ही स्वर ऐकू आले आणि पुढच्या बाराच्या पहिल्या ठोक्यावर पंचम येऊन थांबला, की परीक्षकाला शंका उरत नाही. वाद्य एकटं असलं तरी खालचे कॉर्ड मेलडीतूनच कळले पाहिजेत.

तुमच्याच सुरुवातीवरून करून बघू. पहिला बार सा–ग–प, सरळ मोडलेला कॉर्ड. तोच आकार एक स्वर वर सरकवा: रे–मा–ध. फुकटात सीक्वेन्स (तोच आकार वेगळ्या स्वरावरून) मिळाला!

सा ग प | ध – प | रे मा ध | प – – |
म ध सां | रें – सां | नि प रे | सा – – ||

पाचव्या बाराचा पहिलाच स्वर शुद्ध मध्यम आहे. तो सी शार्प पुसून टाकतो, म्हणजे परतीचा रस्ता. सहाव्यातलं रें–सां हे दुसऱ्या बारातल्या ध–प चंच वरचं रूप, आणि सगळ्यात उंच स्वर तिथेच येतो. तुमच्या मेलडीत ध पेक्षा वर काहीच नाही आणि तो ध दुसऱ्याच बारात येऊन गेलाय. "कुठे निघालीय कळत नाही" याचा अर्थ मला तरी हाच वाटतो.

एक प्रयोग करा. तानपुऱ्याचं ॲप जी (G) या पट्टीवर लावा आणि तिसरा-चौथा बार गा. यमन वाटेल. मग ॲप डी वर न्या आणि तेच दोन बार पुन्हा गा. त्यानंतर ॲप बंद, आणि परीक्षा होईपर्यंत रचना करताना ते चालू करायचं नाही.

मडगांवकर:
तंबोराभाऊंनी मॉड्युलेशनचं सांगितलंच आहे, मी लाल गोलाचं सांगतो. ई फ्लॅट (कोमल ध) ते एफ शार्प (शुद्ध नि) हे ऑगमेंटेड सेकंड (शेजारच्या दोन स्वरांत नेहमीपेक्षा मोठं अंतर) होतं. किरवाणीत तीच गंमत आहे, पण या परीक्षेच्या शैलीत ते टाळतात. वर जाताना दोन्ही शुद्ध (ध, नि), खाली येताना दोन्ही कोमल. मेलोडिक मायनर म्हणतात तो हाच. आणि मायनरमधून रिलेटिव्ह मेजरला (त्याच स्वरांच्या मेजर कीला) जा म्हटलं तर कोमल ग हा नवा सा. तुमच्या आसावरी थाटाचे स्वर तिथून मोजले तर बिलावल होतो. कोमल नि–रे–म हे तीन स्वर दाखवा आणि कोमल ग वर टेका.

आमच्याकडे चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज (डो-रे-मी म्हणत स्वरलिपी वाचणं) आणि व्हायोलिन शिकवायचे. त्या परंपरेतली मंडळी पुढे मुंबईला सिनेमात गेली. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी केलेली अरेंजमेंट ऐका, गाण्यामागे व्हायोलिनची ओळ काय करते तेवढंच. गायकाच्या चालीवर बेतलेली असूनही तिची स्वतःची वाट असते. अभ्यास म्हणून सांगतोय, कॉपी करा म्हणून नव्हे.

चौथी_तार:
तंबोरा_बंद, ॲपचा प्रयोग केला. डी वर नेल्यावर अंगावर काटा आला! तोच स्वर, पण 'मा' राहिलाच नाही, चक्क नि झाला. धन्यवाद. मडगांवकर, रिलेटिव्ह मेजरचं आत्ता कुठे डोक्यात शिरलं.

पण एक शंका. तुमचे आठ बार बरोबर आहेत, तरी थोडे कवायतीसारखे नाही वाटत? सगळीकडे एक-दोन-तीन.

तंबोरा_बंद:
वाटतात, कारण मी फक्त सांगाडा दिलाय. लय तुम्ही घाला. पाचवा बार डॉटेड क्रोचेट (दीड ठोका), क्वेव्हर (अर्धा), क्रोचेट असा करून बघा. सातव्यात सहा क्वेव्हर: नि ध प म ग रे, आणि मग सा. पहिल्या दोन ठोक्यांवर नि आणि प येतात, म्हणून डॉमिनंटचा भास सुटत नाही.

चौथी_तार:
ही तर सपाट तान झाली.

तंबोरा_बंद:
एकदाच आहे, खपून जाईल. मात्र तिसऱ्या किंवा चौथ्या बारात त्याचा एखादा क्वेव्हर आधी डोकावू दे, नाहीतर शेवटी ती आकाशातून पडल्यासारखी वाटेल.

लेस्टरची_मावशी:
उशिरा आले धाग्यावर. माझ्या मुलीने ही ग्रेड दिली तेव्हा तिच्या बाई स्वरांपेक्षा बाकीच्या गोष्टींवरच जास्त ओरडायच्या. टेम्पो लिहिलाच पाहिजे, डायनॅमिक्स (आवाज लहान-मोठा करण्याच्या खुणा) हवेत, व्हायोलिन असेल तर स्लर (स्वर जोडणारी कमान) घालून बोइंग (गज कसा चालवायचा ते) दाखवायचं. फुंकवाद्य निवडलं तर श्वासाला जागा ठेवा, आणि रेंज बघा: फ्लूटला मिडल सी च्या खाली जाऊ नका. दोन पर्याय असतील तर आपण वाजवतो ते वाद्य घ्यावं. बसून (bassoon) सारख्या अनोळखी वाद्याच्या वाटेला कशाला जायचं?

आणि सुरुवात अपबीटने (अपुऱ्या बाराने) दिली असेल तर शेवटचा बार तेवढ्या ठोक्यांनी आखूड करायचा. मुलगी हे दर वेळी विसरायची.

चौथी_तार:
मावशी, तुम्ही म्हणताय त्यातला टेम्पो सोडला तर मी काहीच लिहीत नव्हते! आज जी मायनरची नव्याने केलीय, बी फ्लॅटला जाऊन परत आणलीय. उद्या सरांना दाखवायच्या आधी इथे टाकते. मडगांवकर, लाल पेन तयार ठेवा.

मडगांवकर:
टाका. पण या वेळी सरगम नको, स्टाफवर लिहून फोटो टाका. परीक्षेत जी ला सा म्हणायला कोणी येणार नाही. शिवाय स्टेम वर की खाली, क्वेव्हर कसे जोडलेत, हेही बघता येईल.