पहिल्यांदा गळ टाकायचाय: साडेसहा वर्षांच्या मुलीसाठी काठी, आमिष, जागा?

वांगी_ते_वाकड:
दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर पलूसजवळ गावी असू. लेक साडेसहा वर्षांची आहे, मासे धरायचेत म्हणून मागे लागलीय. ऑनलाइन लहान मुलांचा रीळवाला सेट दिसतोय, साडेचार फुटी, तो मागवू का? जागा तीन आहेत: नदीचा घाट, मेव्हण्यांचं शेततळं (रोहू-कटला सोडलेत, किलोभराचे झालेत) आणि गावाबाहेरचा पाझर तलाव. गळ किती नंबरचा, आमिष कोणतं, आणि हाताला गळ लागू नये म्हणून काय करायचं? पोहायला थोडंफार येतं तिला.

काठावरचा:
आधी जागा बघू, कारण तुमच्या तिनांतल्या दोन बाद आहेत.

नदी नको. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे गावातलं पोरही सांगेल. मगर खोल डोहात असते असं समजू नका. ती काठाजवळच्या उथळ पाण्यात नुसते डोळे वर ठेवून पडून राहते, आणि गळ टाकून बसलेलं मूल नेमकं तिथेच पाण्याकडे वाकलेलं असतं.

शेततळं तर त्याहून नको. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं असणार. उतार साधारण एकास दीड, त्यावर पाण्याखाली शेवाळाचा बुळबुळीत थर. आत घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दोराशिवाय वर येता येत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं. तुम्ही तिला काढायला उतरलात तर तुम्हीही आतच. शिवाय किलोभराचा कटला पहिल्याच दिवशी लागला तर काठी तिच्या हातात राहणार नाही.

राहिला पाझर तलाव. मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते ग्रामपंचायतीत विचारून त्या माणसाला आधी सांगून ठेवा. एखाद्या काठीला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण न विचारता गेलात तर वाद होतो. भिंतीकडची बाजू आणि सांडवा टाळा. समोरच्या अंगाला, जिथे गुडघाभर पाणी लांबवर आहे आणि काठाला गवत आहे, तिथे बसा. चिलापी असतेच, आणि ती काठापासून पाच-सहा फुटांवर चरते. पोराला हवा तोच मासा: तळहाताएवढा, हावरा, थव्याने येणारा. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे १९५२ मध्ये आणलेला, आता काढून संपत नाही.

रीळ मागवू नका. साडेसहा वर्षांच्या मुलाचा अर्धा वेळ दोरा सोडवण्यात जातो, उरलेला अर्धा तुमचा. बांबूची बारीक काठी घ्या, सहा ते सात फूट, बुंधा तिच्या अंगठ्याएवढा. ओला बांबू जड पडतो, वाळलेला बघा. दोरा नुसता शेंड्याला बांधू नका. काठीच्या मध्यावर एक गाठ, तिथून काठीला दोन-तीन वेढे देत शेंड्यापर्यंत न्या आणि तिथे दुसरी गाठ. शेंडा मोडला तरी मासा आणि दोरा दोन्ही हातात राहतात.

शेंड्यापासून सुटा दोरा काठीच्या लांबीपेक्षा वीतभर कमी. काठी उभी धरली की गळ तिच्या छातीसमोर आला पाहिजे. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. दोरा लांब ठेवला की गळ मागे झुडपात नाहीतर मागे उभ्या माणसाच्या कानात.

तंगूस:
जागेबद्दल सहमत. साहित्याचं मी सांगतो.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, पाव मिलिमीटर जाडीचा. जाड दोरा चिलापीला दिसतो आणि छोट्या तरंगाला (मासा लागला की हलणारा, पाण्यावर तरंगणारा तुकडा) खाली ओढतो. गळ १० किंवा १२ नंबर. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानातही उलटं सांगतात. टोकाच्या आतल्या बाजूचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. कापसाच्या बोळ्यात टोचून अडकायचं थांबलं की झालं. मासा थोडा सुटतो, पण बोटात गेला तर आल्या वाटेने बाहेर येतो. बिनकाट्याचा गळ हेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर.

गाठ: दोरा गळाच्या डोळ्यातून ओवा, स्वतःभोवती पाच पीळ द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फासातून काढा, थुंकीने ओलं करून हळू ओढा. कोरडं ओढलं तर नायलॉन घासून तापतो, आणि मग नेमका गाठीतच तुटतो.

तरंग विकतचा घ्या किंवा वाळलेल्या ज्वारीच्या ताटाचा दोन इंची तुकडा साल काढून वापरा. हलका म्हणून उत्तम, फक्त तासाभरात पाणी पितो, तेव्हा तीन-चार तुकडे जवळ ठेवा. गळापासून चार बोटं वर एखादी शिशाची गोळी. ती दातांनी दाबायची सवय अनेकांना असते. शिसं विषारी आहे, मुलीसमोर तर अजिबात नको. पकडीने दाबा, किंवा छोटा लोखंडी नट ओवा. वजन इतकंच हवं की तरंगाचा वरचा तिसरा हिस्सा पाण्यावर राहील. तरंग आडवा पडला तर वजन कमी आहे किंवा गोळी तळाला टेकलीय. बुडत असेल तर वजन जास्त. आमिष तळापासून वीतभर वर लटकेल असं बघा.

वांगी_ते_वाकड:
खूप आभार. शेततळ्याचा विचार सोडला. गांडुळाला ती हात लावणार नाही बहुतेक. कणकेवर जमेल?

तंगूस:
चिलापीला जमतं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा, मीठ-तेल नको, आणि मळतानाच कापसाचे चार तंतू मिसळा, म्हणजे पाण्यात विरघळून गळ उघडा पडत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून न्या, नाहीतर वरचा पापुद्रा वाळून गोळी गळावरून निसटते. गोळी हरभऱ्याच्या डाळीएवढी, मोठी नाही. मोठी केली की चिलापी कडेकडेने कुरतडते, तरंग नाचत राहतो आणि काठी उचलली की गळ रिकामा.

बसल्या बसल्या मूठभर भिजवलेली शेंगदाण्याची पेंड समोर टाका. मूठभरच. जास्त टाकली तर मासे पेंडीनेच पोट भरतात.

गांडूळ मात्र जवळ असू द्या, परसात मोरीच्या पाण्याखालची ओली माती उकरली की निघतं. कणकेला दाद मिळाली नाही तर तुम्ही लावा, अर्ध्या बोटाचा तुकडा.

काठावरचा:
एक राहिलं. आदल्या दिवशी अंगणात गळाऐवजी नट बांधून सराव करून घ्या. जमिनीवर घमेलं ठेवायचं, नट त्यात टाकायचा. हेलकावा पुढे द्यायचा, डोक्यावरून मागे न्यायचा नाही, एवढंच शिकवायचं. दुसरं म्हणजे तरंग थरथरला की थांबायचं. सरकायला लागला किंवा बुडाला की काठी उचलायची. "उचल" हाच शब्द वापरा. "ओढ" म्हटलं की पोरं सगळ्या ताकदीने झटका देतात, माशाचा ओठ फाटतो किंवा मासा डोक्यावरून मागच्या बाभळीत.

तुम्ही स्वतः काठी घेऊ नका. तुमचं लक्ष तुमच्या तरंगाकडे गेलं की तिच्याकडे कुणीच नसतं. लाइफ जॅकेट घाला, काठाला पाणी उथळ असलं तरी. पोहण्याच्या तलावातलं पोहणं चिखलात पाय रुतल्यावर कामाला येत नाही. डोक्याला टोपी, डोळ्याला साधा चष्मा.

खाडीकर:
कोकणातून फक्त भर घालतो, कारण हा धागा वाचून कुणी पोराला गरवायला खाडीच्या धक्क्यावर नेईल. तिथे हिशोब वेगळा. उधाणाला पाणी जोरात फिरतं, तरंग चालत नाही. त्यापेक्षा भांगाचे दिवस धरा, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते, भरती सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास. शेंगटी लागली तर पोराला हात लावू देऊ नका: पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी असतात. टोचलंच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पोट फुगवणारा केंड आला तर तंगूस कापून सोडून द्या. तो खायचा नसतो, शिजवूनही विष जात नाही. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, तिथेही कृष्णेचाच नियम.

गोड्या पाण्यातलीही शिंगटी काट्याचीच असते. मिशा दिसल्या की हात लांब.

वांगी_ते_वाकड:
मासा लागल्यावर पुढे काय? तिला विचारलं तर म्हणते घरी नेऊन बादलीत ठेवायचा.

तंगूस:
बादलीतला मासा रात्रीत मरतो आणि सकाळी रडारड होते. सोडायचा की खायचा ते निघतानाच ठरवा. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी लागते. त्याच तलावात सोडा, मेव्हण्यांच्या शेततळ्यात नाही. चिलापी तिथे पिल्लं घालून रोहू-कटल्याचं खाद्य खाईल.

धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीचा पर दाबून टाकायचा. उलट फिरवला तर काटे तळहातात. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तोंडाजवळ तंगूस कापा.

खायचा असेल तर लगेच डोक्यात काठीचा एक टोला, तडफडत ठेवू नका. मुलीने बघायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण विचारलं तर खरं सांगा. चिलापीला मोठे मोजके काटे असतात, लहान मुलांना द्यायला रोहूपेक्षा बरी. त्यातून तुमच्या हाताला उलट्या काट्यासकट गळ घुसलाच (एखादा गळ दाबायचा राहिला असेल तर), उपटू नका, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

वांगी_ते_वाकड:
पलूसला दुकानात विचारायला लावलं. १० नंबर नाही, ६ आणि १२ आहे म्हणतात.

काठावरचा:
१२. सहा नंबर चिलापीच्या तोंडात मावत नाही, दिवसभर नुसता तरंग हलताना बघाल. एक डझन घ्या, चार तरी गवतात जातील. सकाळी सातला काठावर, नऊला घरी. ती "अजून थोडा वेळ" म्हणत असतानाच उठवा.