आधी त्या वर्षाच्या लीगशी ताडून बघा

बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क यांकीजचे १९२७ आणि १९९८ चे संघ मूळ आकड्यांसकट सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कल्पित सामन्यांत, भिडवायचे आणि निकालावरून कोण सरस ते ठरवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

बिल टेरीची १९३० ची बॅटिंग सरासरी (बॅटिंगच्या संधींमागे हिटचं प्रमाण) .४०१, कार्ल यास्त्रेम्स्कीची १९६८ ची .३०१. कागदावर केवढा फरक! पण मेजर लीगच्या दोन लीगपैकी टेरीच्या नॅशनल लीगची अख्खी सरासरीच १९३० मध्ये .३०३ होती आणि यास्त्रेम्स्कीच्या अमेरिकन लीगची १९६८ मध्ये फक्त .२३०. भागाकार करा, दोघेही आपापल्या लीगच्या साधारण १.३ पट निघतात. १९६८ हे पिचरांचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचं, वर्ष होतं. पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा; जितका कमी तितका चांगला) १.१२! पिचरांचा वरचष्मा कमी करायला पुढच्या मोसमात ते ज्यावरून चेंडू टाकतात तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. म्हणून खेळाडूला आधी त्याच्या लीगशी ताडायचं, मग दोन्ही संघ एकाच वर्षाच्या पातळीवर आणायचे. घरच्या मैदानावर धावा काढणं सोपं की अवघड, याचा हिशेबही त्यातच धरायचा.

पण एवढ्यानं भागत नाही. लीग स्वतः किती कसदार होती, हे या भागाकारात दिसतच नाही. १९२७ मध्ये मेजर लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. ती दारं उघडणारा जॅकी रॉबिन्सन आला तो १९४७ मध्ये. यांकीजच्या बेब रूथच्या १९२७ मधल्या ६० होमरनबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्या मोसमात सॅचेल पेजसारखा कृष्णवर्णीय पिचर त्याच्यासमोर लीगमध्ये येऊच शकत नव्हता. याची वजावट किती धरायची, त्याला सूत्र नाही. मी वजावट धरून आणि न धरता, दोन्ही प्रकारे भरपूर मालिका खेळवतो आणि दोन्ही निकाल शेजारी मांडतो.