जुन्या डीबीतून एसीसाठी वेगळी लाईन: सल्ला हवा

सातवा_मजला (धागाकर्ती)
डोंबिवलीतला वन बीएचके, इमारत पंचवीसेक वर्षं जुनी. बेडरूममध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर एसी बसवायचाय. बसवणारा म्हणतो, डीबीपासून (घरातली एमसीबींची पेटी) स्वतंत्र लाईन ओढल्याशिवाय हात लावणार नाही. डीबीत सहा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच), एकही घर रिकामं नाही. मेन ३२ अँपियर डबल पोल. आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) नाही. डीबी ते एसी भिंतीभिंतीने १४ मीटर. भिंत फोडायची नाही, भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी चालेल. मजुरीसकट बजेट पाच हजार. वायर किती जाडीची, एमसीबी कितीचा?

नाना_प्र
पाच हजारात हल्ली काय होतंय? आम्ही गेल्या वर्षी अख्ख्या घराचं वायरिंग नवं केलं. सोळा वेचा डबल डोअर डीबी, सगळ्या वायरी पॉलिकॅबच्या, स्विच लेग्रांडचे. लाखाच्या वर गेलं, पण आलेला पाहुणा डीबीचं दार उघडून बघून जातो. तुम्हीही एकदाच काय ते करून टाका.

तारयंत्र
नानांच्या पाहुण्यांना आणखी काही बघण्यासारखं नसेल.
मुद्द्याचं: दीड टनाचा इन्व्हर्टर एसी साधारण सात-आठ अँपियर घेतो. तांब्याची अडीच स्क्वेअर एमएम आणि १६ किंवा २० अँपियरचा सी कर्व्ह (सुरुवातीचा झटका सोसणारा) एमसीबी पुरे. जुना फिक्स स्पीड कॉम्प्रेसर सुरू होताना जोराचा झटका मारायचा, तिथे बी कर्व्ह उगाच पडायचा.

बदलापूरवाला
अडीच नको, चारच टाका. आमच्याकडे अडीचवर एसी चालवला आणि सॉकेट वितळला. वायरमनने पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद.

तारयंत्र
सॉकेट वितळला तो स्क्रू ढिला होता म्हणून. चारची वायर ढिल्या स्क्रूत घातली तरी वितळेल.

बदलापूरवाला
तुम्ही बघायला आला होतात का?

करंट_काका
३० वर्षं वायरमन होतो, म्हणून लिहितो. एमसीबीचं रेटिंग ठरतं ते वायरीवरून. एसी सारखा पडतो म्हणून २० काढून ३२ बसवणारे महाभाग पाहिलेत. मग एमसीबी मजेत राहतो आणि पट्टीच्या आत वायरीचं प्लास्टिक शिजतं. अडीचवर २० च्या वर जाऊ नका. चार टाकायची तर टाका, पैसे तुमचे. सॉकेट आणि एमसीबी, दोन्हीचे स्क्रू महिन्याभराने पुन्हा आवळून घ्या.
आधी अर्थिंग बघा. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि मागे दोनच वायरी. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टांच्या आत यायला हवं. फेज-अर्थ शंभर-दीडशे दाखवलं तर हिरवी वायर कुठेच पोचलेली नाही. आकडे बरोबर आले म्हणून अर्थिंग सणसणीत आहे असंही नाही, ते अर्थ टेस्टरनेच कळतं.

लेस्टरकर
इथे इंग्लंडमध्ये घरात नवीन सर्किट टाकलं की ते बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या पार्ट पी खाली कळवावं लागतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन टेस्ट करून प्रमाणपत्र देतो. घर विकताना तो कागद मागतात.

नाना_प्र
आमच्याकडे घर विकताना पार्किंग मागतात.

मीनल_ठा
अवांतर नाही, पण आमचा किस्सा. नवी लाईन टाकली, एसी लावला की आरसीसीबी पडायचा. एसीवाला म्हणे वायरिंगचा दोष, वायरमन म्हणे एसीचा. शेवटी तिसऱ्याने शोधलं: फेज डीबीतून आणलेला, पण न्यूट्रल आळसापायी शेजारच्या बोर्डातून घेतलेला, आणि तो आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रल पट्टीवरचा. आरसीसीबीला जाणारा-येणारा करंट सारखा दिसला नाही की तो पडणारच, त्याचं कामच ते. ताई, फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही डीबीपासून नव्याने ओढून घ्या.

करंट_काका
मीनलताईंना +१. आणि आरसीसीबी ३० मिलिअँपियरचाच घ्या. पण तो ओव्हरलोडला पडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच.

घरचा_इंजिनियर
मेन बंद करून स्वतःच करा की. यूट्यूबवर सगळं आहे. तासाभराचं काम.

करंट_काका
मेन बंद केला तरी त्याच्या मीटरकडच्या दोन टर्मिनलांत वीज असतेच. डीबीत हात घालायचा तर खाली मीटर रूममधून सप्लाय बंद, मग दोन्ही पोलांवर मल्टिमीटर. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर जाऊ नका. खरं तर लायसन्सधारक माणूस बोलवा. शासनाच्या विद्युत निरीक्षक खात्याचं लायसन्स असतं, बघायला मागा.

बदलापूरवाला
बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. एक किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. आणि वायर चारच टाका.

कोथरूडकर
+१, चारच.

नाना_प्र
डीबी बदलायलाच हवा, मी पहिल्यापासून सांगतोय.

सातवा_मजला (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. काम झालं. बिलावर भार तीन किलोवॅट निघाला, म्हणून तूर्त अर्ज केला नाही. बेडरूमच्या सॉकेटवर फेज-अर्थ ११० आलं, डीबीत मात्र २३२. म्हणजे हिरवी वायर वाटेतच सुटलेली होती. लायसन्सवाल्या माणसाने तिन्ही वायरी नव्या ओढल्या, अडीचच्या.
डीबी बदलला नाही. शेजारी दोन मॉड्यूलची छोटी पेटी लावून त्यात २० अँपियर, ३० मिलिअँपियरचा आरसीबीओ बसवला. एमसीबी आणि आरसीसीबी एकातच. त्याला सप्लाय मेनच्या घराकडच्या बाजूने, सहा स्क्वेअर एमएमच्या वायरीने. टेस्टचं बटण दाबून पाहिलं, खाटकन पडला. पाच हजारांच्या थोडं वर गेलं. पूर्ण डीबीचं दिवाळीनंतर बघू.

करंट_काका
काम बरोबर केलंय. पण एसीला संरक्षण मिळालं आणि गिझरची लाईन उघडीच राहिली. ओल्या अंगाने हात लागतो तो गिझरच्या नळाला. दिवाळीपर्यंत थांबू नका.

सातवा_मजला (धागाकर्ती)
काका, गिझर गॅसचा आहे. वॉशिंग मशीनसाठी मात्र विचारते त्यांना.

नाना_प्र
डीबी बदलला असता तर हा प्रश्नच आला नसता.

कोथरूडकर
एसी कुठला घेतला? आम्हालाही घ्यायचाय.