रात्री गॅलरीतला कॅमेरा बंद पडतो, सकाळी आपोआप चालू होतो, काय असेल?

दहिसरची_लेक:
नमस्कार मंडळी, आईबाबांच्या घरी दहिसरला दोन कॅमेरे लावलेत, एक दाराबाहेर पॅसेजमध्ये आणि एक मागच्या गॅलरीत कारण तिथून खालच्या गॅरेजचं छप्पर अगदी हाताशी येतं. वायरवाले आहेत, चार चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) टीव्हीखाली ठेवलाय आणि एकाच अडॅप्टरवरून स्प्लिटर लावून दोन्ही कॅमेऱ्यांना लाइट दिलीय. तीन वर्षं काही कटकट नव्हती. आता पाऊस सुरू झाल्यापासून गॅलरीतला कॅमेरा संध्याकाळी सातच्या आसपास जातो, स्क्रीनवर "व्हिडिओ लॉस" येतं, मधेच दोन सेकंद चित्र येतं परत जातं, आणि सकाळी उजाडलं की काही झालंच नाही असा मस्त चालू. पॅसेजमधला मात्र चोवीस तास ठणठणीत. ज्याने लावले त्याला बोलावलं तर त्याने वर बघितलं आणि "कॅमेरा गेला मॅडम, नवीन टाका, पाणी शिरलंय" एवढं बोलून कोटेशन पाठवून दिलं, खोलून बघितलं पण नाही. पाणी शिरलं असतं तर दिवसा कसा चालला असता? बाबा म्हणतात रात्रीचाच तर कॅमेरा हवा, दिवसा मी आहेच की खिडकीत. प्लीज कोणीतरी सांगा.

वायफाय_त्रस्त:
राउटर बदललाय का हल्ली? आमच्याकडे सेम झालेलं. नवीन राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीला एकच नाव होतं आणि कॅमेऱ्याला फक्त २.४ कळतं, दोन्हीची नावं वेगळी केली आणि सुटला प्रश्न.

दहिसरची_लेक:
वायफायचा नाहीये हो, केबलवाला आहे, डीव्हीआरला मागे गोल पिन लागते तो.

वायफाय_त्रस्त:
ओह सॉरी, मग माझा पास.

टेस्टर_खिशात:
ताई नवीन कॅमेरा अजिबात घेऊ नका. दिवसा चालतो रात्री जातो म्हणजे दहातल्या नऊ वेळा लाइटचा म्हणजे पॉवरचा लोचा असतो. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर एलईडी (अंधारात दिसावं म्हणून असलेले इन्फ्रारेड दिवे) लागतात आणि करंट एकदम वाढतो, साधारण दिवसा २०० मिलिअँप खाणारा कॅमेरा रात्री ४००-५०० पर्यंत जातो (तुमच्या मॉडेलचा नक्की आकडा त्याच्या स्टिकरवर बघा). अडॅप्टर म्हातारा झाला असेल तर तेवढा लोड आला की १२ व्होल्टचे ९-१० होतात, कॅमेरा रिस्टार्ट होतो, रिस्टार्ट झाला की एलईडी बंद म्हणून व्होल्टेज परत वर, चित्र येतं, परत अंधार दिसला, परत एलईडी, परत धाडकन खाली. तुमचं ते दोन सेकंद चित्र येऊन जाणं म्हणजे हेच चक्र. रात्री गॅलरीत उभं राहून कान द्या, आतून बारीक टक... टक... असा आवाज येत असेल, तो आतला फिल्टर सरकतोय दिवस-रात्र बदलताना.

खात्री करायची तर भर दुपारी करा, रात्रीची वाट बघू नका. कॅमेऱ्याच्या पूर्ण तोंडावर काळं जाड फडकं टाका किंवा दोन्ही हातांनी झाका. अर्ध्या मिनिटात एलईडी लागतील, फडक्याच्या कडेने लालसर ठिपके दिसतात, नाही दिसले तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा धरून बघा, जांभळट दिसतात. तेवढ्यात चित्र गेलं की समजायचं कॅमेरा बिचारा उपाशी मरतोय.

दहिसरची_लेक:
अरे वा हे करून बघते. पण मग पॅसेजवाला का नाही जात? अडॅप्टर तर एकच आहे.

टेस्टर_खिशात:
पॅसेजमध्ये सोसायटीची ट्यूब रात्रभर जळते ना? मग त्या कॅमेऱ्याला अंधार कधी दिसतच नाही, त्याचे एलईडी लागतच नाहीत. शिवाय तो डीव्हीआरच्या जवळ असेल, गॅलरीवाल्याची वायर लांब.

गॅलरी_नंबर_चार:
बाहेरच्या कॅमेऱ्याचे जॉइंट आधी बघा! पाऊस सुरू झाल्यापासून म्हणताय तिथेच उत्तर आहे. आम्ही वर्सोव्याला राहतो, खारा वारा आणि पावसाळा मिळून कनेक्टरचं काय होतं विचारू नका. कॅमेऱ्याच्या शेपटीला दोन तोंडं असतात, एक बीएनसी व्हिडिओचं आणि एक लाइटचं, लावणारे बहुतेक ती नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळून भिंतीला लोंबत सोडतात. टेप काढलीत की आत हिरवी बुरशीसारखी पूड दिसेल, ती तांब्याची. ती चढली की तिथेच व्होल्टेज खाल्लं जातं. आणि टेपचं एक वाईट आहे, पाणी आत जाऊ देते पण बाहेर येऊ देत नाही.

टेस्टर_खिशात:
+१. आणि स्वस्तातली ३+१ केबल (व्हिडिओ आणि लाइटच्या तारा एकत्र असलेली) असेल तर आतली लाइटची तार पूर्ण तांब्याची नसते, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तिचा रेझिस्टन्स जास्त. हिशेब सोपा आहे, जाऊन-येऊन ४ ओहम धरले तर अर्ध्या अँपिअरला २ व्होल्ट वाटेतच गायब, दिवसा ०.२ ला फक्त ०.८. म्हणून दिवसा कळत नाही. कोणाकडे मल्टिमीटर असेल तर दोन जागी मोजा, अडॅप्टरच्या तोंडाशी आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी, पण कॅमेरा जोडलेला ठेवून. पिन काढून मोकळं मोजलंत तर मेलेला अडॅप्टरसुद्धा १२ दाखवतो, बरेच जण इथेच फसतात.

कमिटी_मेंबर_काका:
विषय थोडा वेगळा पण लिहितो. पॅसेजमधला कॅमेरा शेजाऱ्यांच्या दाराकडे तोंड करून नाही ना? आमच्या सोसायटीत यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं आणि मीटिंगचा अख्खा रविवार त्यात गेला. आपल्या दारापुरता वळवा आणि सेक्रेटरीला एक पत्र देऊन ठेवा. बाकी ते व्होल्ट-बिल्ट तुम्हा मुलांचं चालू द्या.

दहिसरची_लेक:
काका आमचे शेजारी उलट फुटेज मागायला येतात, त्यांचं कुरिअर चोरीला गेलं तेव्हापासून 😄

अपडेट देते. भाऊ मीटर घेऊन आला. आधी फडक्याची टेस्ट, टाकलं आणि मनात दहा मोजायच्या आत व्हिडिओ लॉस! बाबा एकदम खूश, जणू त्यांनीच शोधलं. मग आकडे असे. फडक्याशिवाय अडॅप्टरकडे ११.९ आणि कॅमेऱ्याकडे ११.२. फडकं टाकून अडॅप्टरकडे १०.४ आणि कॅमेऱ्याकडे ८.६ पर्यंत उतरून परत वर उडी मारतो. याचा अर्थ काय लावायचा?

टेस्टर_खिशात:
दोन्ही गुन्हेगार आहेत. अडॅप्टर लोडवर १०.४ ला येतोय म्हणजे तो गेला, आणि पुढे वायर-जॉइंटमध्ये आणखी १.८ जातायत. बऱ्याच कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट अधिक-उणे २५ टक्के चालतं म्हणजे ९ पर्यंत, त्याखाली आलात म्हणून रिस्टार्ट. १२ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या, दोन-तीनशेत येईल, त्यासाठी लॅमिंग्टन रोडचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट गाठायची गरज नाही, स्टेशनबाहेर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. हातात घेऊन वजन बघा, एकदम हलका वाटला तर ठेवून द्या. पिन मधली प्लस हवी, पाठीवर चित्र असतं. जुना अडॅप्टर खोलत बसू नका, आत २३० व्होल्टचं प्रकरण आहे. मग कॅमेऱ्याकडची दोन्ही तोंडं कापून नवीन लावा.

गॅलरी_नंबर_चार:
आणि नवीन जॉइंट प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये टाका, वायर बॉक्सच्या खालच्या बाजूने आत घ्या. बॉक्सच्या आधी वायरीला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत येऊन त्या झोलातच टपकतं, आत शिरत नाही. वरून सिलिकॉन मारा पण खालची बाजू बंद करू नका.

दहिसरची_लेक:
झालं बुवा! टेप सोडवली तर लाइटच्या पिनेला हिरवं तर होतंच, पण आतली एक तार नुसत्या दोन केसांवर लटकत होती, भावाने हलकं ओढलं तर हातातच आली. ती कापून नवीन पिन लावली, बीएनसी पण बदलला, बॉक्स बसवला, अडॅप्टर बदलला. आता फडकं टाकून कॅमेऱ्याकडे ११.३ येतंय आणि काल रात्रभर चित्र होतं, आज पहाटे मांजर छपरावरून जाताना पण रेकॉर्ड झालं. कोटेशनवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

एक शेवटचं, लाइट गेली की डीव्हीआरची तारीख २००० सालावर जाते, हे पण अडॅप्टरमुळेच का?

टेस्टर_खिशात:
नाही, ते वेगळं. आत बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, बहुतेक सीआर२०३२, तो संपलाय. डीव्हीआर बंद करा, प्लग काढा, चार स्क्रू खोलून सेल बदला आणि तारीख लावा. आणि हे लांबवू नका, तारीख चुकीची असेल तर पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली की हवा तो दिवस शोधतानाच घाम फुटतो.

दहिसरची_लेक:
भाऊ अजून घरातच आहे, चहा पितोय, त्यालाच परत कामाला लावते.